मार्कांपुढे 'कमी-जास्त' कोण लिहिणार?

गेल्या महिन्यात पुण्याहून एका ओळखीच्या जोडप्याचा मेसेज आला. नवऱ्याची कंपनी त्यांना चार-पाच वर्षांसाठी इथे, इंग्लंडमध्ये रेडिंगला पाठवते आहे. मुलगा सातवीत. मेसेजसोबत एक एक्सेल शीट होतं. त्यात आमच्या भागातल्या सात-आठ माध्यमिक शाळांची नावं, प्रत्येकीपुढे एक आकडा आणि त्या आकड्याप्रमाणे लावलेले नंबर. खाली विचारलं होतं, "ताई, ०.४१ वाली शाळा बघावी की ०.२८ वाली? ०.४१ च्या आसपास घरभाडं महिन्याला दोनशे पौंडांनी जास्त आहे. पण मुलाच्या भविष्याचा प्रश्न आहे, तेवढं देऊ."

उत्तर लिहायला घेतलं आणि ते दोन ओळींत मावेना. म्हणून हा लेख. कारण हा प्रश्न फक्त त्या दोघांचा नाही. इथे येणारं प्रत्येक मराठी कुटुंब तो विचारतं आणि तिकडे महाराष्ट्रात तर दर वर्षी निकालाच्या दिवशी घराघरांत तोच प्रश्न असतो : हा आकडा कितपत खरा?

मी बावीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज सकाळी पहिल्या पेशंटचं रक्त मशीनमध्ये घालण्याआधी आम्ही एक 'कंट्रोल' चालवतो. म्हणजे ज्यात साखर किती आहे हे आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल. मशीनने त्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत दाखवला तरच पुढचं काम सुरू. शिवाय एकच सॅम्पल दहा वेळा घातलं तर दहाही वेळा तंतोतंत तोच आकडा येत नाही, थोडं इकडे-तिकडे होतंच. त्यात लपवण्यासारखं काही नाही. किती इकडे-तिकडे होतं हे मोजून ठेवलेलं असणं, यालाच आमच्याकडे मशीनची विश्वासार्हता म्हणतात. अर्थात आणखी एक गोष्ट बघावी लागते. एखाद्या दुकानदाराचा काटा दर वेळी किलोमागे पन्नास ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तो काटा 'सातत्याने' मोजतो खरा, पण चुकीचं मोजतो. म्हणून दोन प्रश्न विचारायचे. पुन्हा मोजलं तर तेच येईल का? आणि जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का?

शाळांच्या बाबतीत हे दोन प्रश्न आपण कधी विचारतो? मार्क आले की आले. नंबर लागला की लागला.

आधी त्या एक्सेल शीटबद्दल. तो आकडा 'प्रोग्रेस एट' नावाचा आहे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून माध्यमिक शाळा त्यावर मोजल्या जातात. कल्पना चांगली आहे. अकराव्या वर्षी प्राथमिक शाळेच्या शेवटी मुलांची एक चाचणी होते. सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा. प्रत्येक मुलाची तुलना देशभरातल्या अशा मुलांशी करतात, ज्यांना अकराव्या वर्षी त्याच्याइतकेच गुण होते. तो त्यांच्या पुढे गेला की मागे पडला, हे आठ विषयांवर काढून शाळेची सरासरी घेतात. शून्य म्हणजे देशाच्या सरासरीइतकी प्रगती. अधिक एक म्हणजे तशाच इतर मुलांपेक्षा प्रत्येक विषयात साधारण एक श्रेणी वर. हुशार मुलं निवडून घेऊन 'आमचा निकाल बघा' म्हणणाऱ्या शाळांची फुशारकी यात थोडी कमी होते, म्हणून मला हा आकडा साध्या टक्केवारीपेक्षा बरा वाटतो.

पण सरकारी तक्त्यात त्या आकड्याच्या शेजारी आणखी दोन आकडे असतात, खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. आमच्या जोडप्याने शीट बनवताना नेमके तेच दोन रकाने गाळले होते. त्यांचा दोष नाही, वर्तमानपत्रंही तेच करतात.

हिशेब सोपा आहे. एकेका मुलाच्या प्रगतीत खूप चढ-उतार असतो. कुणाची आई आजारी, कुणाला सोळाव्या वर्षी अचानक अक्कल येते, कुणाची जाते. शाळेत एका बॅचला १८० मुलं असतील तर या चढ-उतारामुळे शाळेची सरासरी ढोबळमानाने ०.१८ इकडे किंवा तिकडे असू शकते. म्हणजे ०.४१ वाली शाळा खरं तर ०.२३ ते ०.५९ मध्ये कुठेतरी आहे आणि ०.२८ वाली ०.१० ते ०.४६ मध्ये कुठेतरी. दोन्ही पट्टे एकमेकांवर पडतात. पहिली शाळा दुसरीपेक्षा चांगली आहे असं छातीठोकपणे सांगायला या आकड्यांत आधार नाही. बॅच २५ मुलांची असेल तर ही कमी-जास्त जवळपास अर्ध्यापर्यंत जाते. मुलं चौपट झाली की चूक निम्मी होते, हा संख्याशास्त्राचा जुना नियम आहे आणि तो कुठल्याही शाळेच्या जाहिरातीपुढे वाकत नाही.

हार्वे गोल्डस्टीन नावाचे एक ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ होते. शाळांची मोजदाद कशी करावी यात त्यांनी हयात घालवली. एप्रिल २०२० मध्ये ते करोनाने गेले. १९९६ मध्ये त्यांनी डेव्हिड स्पीगलहाल्टर यांच्याबरोबर एक निबंध लिहिला होता, शाळा आणि हॉस्पिटलं यांच्या क्रमवारीच्या मर्यादांबद्दल. सार असं की, क्रमवारीत अगदी वरची आणि अगदी तळाची काही नावं वेगळी काढता येतात. मधल्या मोठ्या घोळक्यात कोण विसावा आणि कोण ऐंशीवा हे सांगणं म्हणजे अंधारात तीर. पुढे २००९ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज लेकी यांनी आई-बापांच्या दृष्टीने आणखी एक अडचण दाखवली. तक्ता सांगतो तो गेल्या बॅचचा निकाल. आपलं मूल परीक्षेला बसणार ते काही वर्षांनी. तोपर्यंत मुख्याध्यापक बदलतात, चांगले शिक्षक सोडून जातात, नवे येतात. ही अनिश्चितता हिशेबात धरली तर एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या करता येतील अशा शाळा फारच थोड्या उरतात.

आमच्या जोडप्याच्या शीटमधले आकडे २०२४ च्या निकालाचे होते. त्यानंतरच्या दोन बॅचसाठी 'प्रोग्रेस एट' काढणंच शक्य नव्हतं, कारण करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये अकरा वर्षांच्या मुलांची चाचणी झालीच नाही. सुरुवातीचं मापच नाही, तर प्रगती कशाची मोजणार? आता विचार करा. २०२४ मध्ये परीक्षा दिलेल्या मुलांवरून सातवीतल्या मुलाची शाळा ठरवायची आणि त्यापायी महिन्याला दोनशे पौंड जास्त मोजायचे.

हे झालं शाळेच्या आकड्याचं. पण शाळेचा आकडा ज्या मार्कांतून बनतो, ते मार्क तरी किती पक्के?

हा प्रश्न नवा नाही. १८८८ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ यांनी 'परीक्षांचं संख्याशास्त्र' या विषयावर निबंध लिहिला. त्या काळात लॅटिन गद्याचा एकच पेपर २८ जाणकार परीक्षकांनी तपासला होता. शंभरपैकी सर्वांत कमी मार्क पडले ४५, सर्वांत जास्त १००. पेपर तोच, उत्तर तेच. मुलाचं नशीब मात्र गठ्ठा कुणाच्या टेबलावर जातो यावर.

आता परिस्थिती तितकी वाईट नाही. इथे बहुतेक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासतात आणि त्यात एक गंमत आहे, जी कळल्यावर मला एकदम माझी प्रयोगशाळा आठवली. परीक्षकाच्या कामात मधूनच अशी उत्तरं सोडतात, ज्यांचे मार्क वरिष्ठ परीक्षकांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात. परीक्षकाला ती कुठली हे ठाऊक नसतं. त्याचे मार्क फारच वेगळे आले तर त्याला थांबवतात. म्हणजे आमचं 'कंट्रोल' सॅम्पलच!

या तपासणीचे आकडे इंग्लंडच्या परीक्षा नियामक संस्थेने, म्हणजे ऑफक्वालने, २०१८ मध्ये जाहीर केले. विद्यार्थ्याला मिळालेली श्रेणी वरिष्ठ परीक्षकाने दिली असती तीच असण्याची शक्यता किती? गणितात सुमारे ९६ टक्के. इतिहासात सुमारे ५६ टक्के. इंग्रजी भाषा व साहित्य या जोडविषयात तर सुमारे ५२ टक्के, म्हणजे जवळजवळ नाणं उडवल्यासारखं. २०२० मध्ये ऑफक्वालच्या तेव्हाच्या प्रमुख ग्लेनिस स्टेसी यांनी संसदेच्या समितीपुढे मान्य केलं की श्रेणी एक पायरी इकडे किंवा तिकडे धरूनच विश्वासार्ह मानावी.

याचा अर्थ इतिहासाचे परीक्षक आळशी आहेत असा नाही. शाळेत आपण 'मी पाहिलेला सूर्यास्त' लिहिला, तेव्हा एका बाईंनी सात दिले आणि दुसऱ्या बाईंनी नऊ, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या. निबंधाला एकच खरा मार्क नसतो. अडचण सुरू होते ती श्रेणीच्या रेघेपाशी. ६९ आणि ७० मध्ये फरक नसल्यासारखाच असतो, पण रेघ ७० वर असली की एकाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याला नाही. आणि इथे २०१६ पासूनचा नियम असा की फेरतपासणीत मार्क बदलायचे तर मूळ तपासणीत चूक झालेली दिसली पाहिजे. दुसऱ्या परीक्षकाला नुसतं 'मी दोन जास्त दिले असते' असं वाटून चालत नाही.

हे सगळं मी शांतपणे लिहिते आहे, कारण मधे काही वर्षं गेली. १३ ऑगस्ट २०२० ला मी शांत नव्हते.

माझी मुलगी त्या वर्षी ए-लेव्हलला होती, म्हणजे आपली बारावी. मार्चमध्ये परीक्षा रद्द झाल्या. मग निकाल कसा लावायचा? शिक्षकांनी प्रत्येक मुलाची अंदाजे श्रेणी दिली आणि प्रत्येक विषयात मुलांचा क्रम लावून दिला. शिक्षक हात सैल सोडतील ही भीती होती. म्हणून ऑफक्वालने संख्याशास्त्राचं एक सूत्र वापरलं. त्या कॉलेजचे मागच्या तीन वर्षांचे निकाल, आताच्या मुलांचे जुने गुण आणि शिक्षकांनी लावलेला क्रम, यांवरून श्रेणी वाटल्या. शिक्षकांनी दिलेली श्रेणी मोठ्या वर्गांसाठी बाजूलाच पडली. वर्गात पाच किंवा कमी मुलं असतील तर मात्र शिक्षकांची श्रेणी तशीच ठेवली, कारण इतक्या थोड्या मुलांवर सूत्र चालत नाही.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने शेवटचा निर्णय अगदी बरोबर. पण छोटे वर्ग कुठे असतात? भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांत. तिथे वरच्या दोन श्रेणींचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ४.७ टक्के अंकांनी वाढलं. माझी मुलगी होती तसल्या मोठ्या सरकारी कॉलेजांत ते वाढलं जेमतेम ०.३ ने.

इंग्लंडमधल्या सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. मुलीच्या दोन विषयांत एकेक पायरी कमी झाली. सकाळी आठला ती लॅपटॉप उघडून बसली, बघितलं आणि काहीच बोलली नाही. विद्यापीठाने दुपारपर्यंत जागा नाकारली. तिने रात्री एवढंच विचारलं, "आई, मी परीक्षा दिलीच नाही. मग मी चुकले कुठे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर अजूनही नाही. कारण देशाच्या पातळीवर ते सूत्र चुकलं नव्हतं. एकूण निकाल मागच्या वर्षांच्या जवळपास होता, करायचं होतं तेच झालं होतं. व्यवस्थेचा हिशेब बरोबर आणि माझ्या मुलीचा चूक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आमच्याकडे एखाद्या गावातल्या दहा हजार लोकांच्या साखरेची सरासरी काढून समोरच्या पेशंटला 'तुमची साखर इतकी' असं सांगितलं तर नोकरी जाईल. इथे देशाने तेच केलं.

मुलं रस्त्यावर आली. चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांची श्रेणी किंवा सूत्राची श्रेणी, यातली जी वरची ती दिली. स्कॉटलंडने तर आठवडाभर आधीच अशीच माघार घेतली होती. पंतप्रधानांनी नंतर सगळा दोष अल्गोरिदमवर टाकला. बिचारा अल्गोरिदम! त्याला कुठला प्रश्न विचारायचा हे माणसांनीच ठरवलं होतं. मुलीची श्रेणी परत आली, पण विद्यापीठातली जागा तोवर भरली होती. तिला पुढच्या वर्षी या म्हणाले. ती गेली, शिकली, आज नोकरी करते. पण ते एक वर्ष कुणाच्याच आकडेवारीत नाही.

त्याच दिवसांत नाशिकहून ताईचा फोन आला होता. म्हणाली, "अगं, तुझ्या मुलीचं चार दिवसांत तरी सरळ झालं. आमच्या पोराचं कोण बघणार?" माझा भाचा आदल्या वर्षी, २०१९ ला दहावी झाला होता. मी तेव्हा तिचं म्हणणं मनावर घेतलं नव्हतं. आता घेते.

महाराष्ट्राच्या दहावीच्या निकालाचे हे चार आकडे ओळीने वाचा. २०१८ : ८९.४१ टक्के. २०१९ : ७७.१०. २०२० : ९५.३०. २०२१ : ९९.९५.

तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी इतकी ढ आणि मग इतकी हुशार झाली का? नाही. काटा बदलला. २०१९ ला भाषा विषयांची २० गुणांची तोंडी परीक्षा काढून टाकली होती. निकाल बारा टक्क्यांनी घसरला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून दिले. २०२१ ला तर लेखी परीक्षाच नव्हती, सगळा निकाल अंतर्गत मूल्यमापनावर.

भाच्याला ७८ टक्के मिळाले. तोंडी परीक्षा असती तर आणखी पाच-सहा टक्के मिळाले असते असं त्याच्या सरांचं म्हणणं. अकरावीच्या यादीत दुसऱ्या बोर्डांची मुलं, ज्यांचे अंतर्गत गुण शाबूत होते, त्याच्या पुढे लागली. हवं ते कॉलेज गेलं. त्याहून वाईट म्हणजे ते वर्ष नातेवाइकांच्या तोंडी 'कमजोर बॅच' म्हणून राहिलं. मागच्या वेळी भेटला तेव्हा हसत म्हणाला, "मावशी, आमची बॅच म्हणजे मार्कांचा दुष्काळ!" हसला, पण विसरला नाहीये.

वेगवेगळ्या काट्यांवर तोललेला माल एका रांगेत लावायचा, हा घोळ महाराष्ट्राला नवा नाही. २००८ ते २०१० या काळात आधी पर्सेंटाइल, मग ९०:१०, मग 'बेस्ट फाइव्ह' असे तीन उपाय आले आणि तिन्ही वेळा प्रकरण हायकोर्टात गेलं. ज्या गोष्टी संख्याशास्त्राच्या टेबलावर शांतपणे ठरायला हव्या होत्या, त्या जून-जुलैच्या पावसात वकिलांच्या कचेरीत ठरल्या.

तरीही परीक्षा बंद करा, शिक्षकांवर सोडा, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला वरच्या दोन श्रेणी २०१९ मध्ये २५.४ टक्के होत्या. शिक्षकांनी श्रेणी दिल्या त्या २०२१ मध्ये त्या ४४.८ टक्क्यांवर गेल्या. परीक्षा पूर्ववत झाल्यावर २०२३ मध्ये २७.२ वर आल्या. शिक्षक बेइमान नव्हते, ते आपल्या मुलांच्या बाजूने होते आणि असायलाच हवेत. म्हणून काटा बाहेरचा असणं बरं. माझं म्हणणं एवढंच आहे की काट्याची चूक किती, ते काट्यावर लिहा.

आपल्याकडे निकालाच्या दिवशी पत्रकार परिषद होते. विभागवार टक्केवारी, मुली किती, मुलगे किती, कोकण विभाग पुन्हा पहिला, शंभर टक्के निकालाच्या शाळा किती, सगळं सांगतात. पण तेच पेपर दुसऱ्या परीक्षकाने तपासले असते तर किती मुलांचा वर्ग बदलला असता, हा आकडा त्या परिषदेत नसतो. तो काढणं अवघड नाही. प्रत्येक विषयाच्या काही हजार उत्तरपत्रिका चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, नाव-नंबर झाकून दुसऱ्यांदा तपासायच्या आणि जे निघेल ते जाहीर करायचं. एकाही मुलाचा निकाल त्यासाठी अडवून ठेवावा लागत नाही.

दुसरं, 'शंभर टक्के निकाल' हे फलक. बारा मुलांच्या शाळेत एक मुलगा तापाने फणफणला की निकाल ९१.६७ वर येतो. बाराच्या बारा पास झाले की शंभर. त्यामुळे यादीच्या अगदी वर आणि अगदी तळाशी छोट्या शाळांची गर्दी होणारच, तिथे शिकवणं कसंही असो. एका वर्षाच्या टक्केवारीऐवजी तीन वर्षांची सरासरी आणि शेजारी मुलांची संख्या लिहिली तरी निम्मा गैरसमज जाईल. खेड्यातल्या एखाद्या चांगल्या शाळेवरचा 'शून्य टक्के' चा डागही कदाचित पुसला जाईल.

तिसरं, ज्या निर्णयाने मुलाचं वर्ष जातं तो एका मार्काच्या रेघेवर लटकू नये. रेघेच्या जवळची मुलं निराळी काढून त्यांच्याकडे आणखी एका नजरेने बघावं. आमच्याकडे रिपोर्ट सीमारेषेवर आला की डॉक्टर पुन्हा रक्त मागवतात, लगेच पोट फाडायला घेत नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "मार्कांत इतकी चूक असते असं छापलं तर लोकांचा विश्वास उडेल, जो तो कोर्टात जाईल." जे जायचे ते आताही जातातच. आणि विश्वास कशावर ठेवायचा? चूक नाही असं सांगणाऱ्यावर, की चूक इतकी आहे असं सांगणाऱ्यावर? माझ्या हाताखाली नवीन आलेली मुलं सुरुवातीला प्रत्येक आकडा तीन दशांशांपर्यंत लिहितात, त्यांना ते अचूक वाटतं. वर्षभरात त्यांना कळतं की जितकं मोजता येतं तितकंच लिहावं. दहावीच्या मुलाची अक्कल ८७.४० टक्के आणि त्याच्या मैत्रिणीची ८७.६० टक्के असं छापणारी व्यवस्था अजून त्या पहिल्या वर्षातच आहे.

आपणही काही कमी नाही. व्हॉट्सॲपवर 'टॉप टेन शाळा' फिरवणारे आपणच. इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात पानावर बसल्या बसल्या "तुमच्याकडच्या शाळेचा नंबर कितवा?" असं विचारणारे आपणच. मीही विचारलं आहे. मुलगी शाळेत जायची तेव्हा मीही असंच शीट बनवलं होतं आणि त्यात मर्यादांचे दोन रकाने गाळले होते. प्रयोगशाळेत रोज जे पाळते ते घरी येताना एप्रनबरोबर खुंटीला अडकवून आले होते.

त्या जोडप्याला शेवटी मी असं लिहिलं : दोन्ही शाळा सारख्याच समजा. तक्त्याच्या अगदी तळाशी ज्या आहेत त्यांच्याबद्दल चौकशी जरूर करा, वरच्या आणि मधल्यांत चिरफाड करू नका. आल्यावर एक दिवस दुपारी तीनला शाळा सुटताना गेटपाशी उभे राहा. मुलं एकमेकांशी आणि शिक्षकांशी कशी बोलतात ते बघा. आत गेलात तर विचारा की गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक किती वर्षं टिकतात आणि नव्या देशातून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने कोण सांभाळतं. दोनशे पौंड वाचवून सुट्टीत आजी-आजोबांना इकडे आणा.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, "ताई, पटलं. पण ह्यांना एक नंबर तरी सांगा ना, नाहीतर ते ऐकायचे नाहीत."

मी लिहिलं, "०.३५, कमी-जास्त ०.१८. दोन्ही शाळांना."